अक्षरांची वेस

दिवाळी आटोपली की अकोल्याच्या हवेत कापूस येतो. आधी तो गाड्यांवरून येतो, भरून फुगलेल्या, ताडपत्री बांधूनही न मावणाऱ्या. मग रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना लटकतो, विजेच्या तारांवर बसतो, आणि जिनिंगची यंत्रं सुरू झाली की इतका बारीक होतो की दिसतही नाही. मला मात्र तो दिसतो. माझ्या टायपरायटरच्या रिबनवर त्याची लव बसते आणि अक्षराला दाढी फुटते. म्हणून या दिवसांत माझ्या पिशवीत कागदाच्या जोडीला एक रंगकामाचा मऊ ब्रश असतो. दर दहा ओळींनी मी यंत्र झाडते आणि पुढे जाते.

आजही झाडतेय. बाळापूरच्या नदीकाठच्या जुन्या दगडी छत्रीसमोर घडीचा टेबल मांडून बसले आहे. नदीकडून गार वारा येतो आहे, कागदाच्या कडा फडफडतात म्हणून दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे लावलेत. छत्रीच्या खांबांवर सकाळचं ऊन अजून तिरपं आहे. ते सरळ व्हायच्या आत मला डावीकडचे तीन खांब कागदावर उतरवायचे आहेत, आणि ते मी उतरवीन. माझी बोटं याबाबतीत मला फसवत नाहीत. पण कापसाची पहिली लव रिबनवर दिसली की मला हटकून तो एक हंगाम आठवतो. जुन्या शहरातल्या वेशीचा. आधी एकदा चुकलेला आणि मग साधलेला.

मी एकतीस वर्षं टायपिंग शिकवलं. मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहराच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर आमची इन्स्टिट्यूट होती. चौदा यंत्रं, चौदा लोखंडी टेबलं, आणि जिन्यापाशी चपलांचा ढीग. मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी तीस, इंग्रजी चाळीस. नोकरीच्या जाहिरातीत मिनिटाला इतके शब्द म्हणून हे आकडे असत आणि परीक्षा जवळ आली की आमच्या खालचा चहावाला म्हणे, "मॅडम, छतावर गारा पडून राहिल्या वाटते." पुढे परीक्षा संगणकावर गेली. गारा थांबल्या. यंत्रं भंगारात किलोवर गेली. मी रडले नाही. तेरा यंत्रं जाताना पाहिली आणि चौदावं घरी नेलं.

ते नेताना हात लावायला शब्बीरभाई होते. शब्बीरभाई म्हणजे टायपरायटरचे मिस्तरी. त्यांच्या वडिलांपासूनचं दुकान, जुन्या शहरातच, मशिदीच्या गल्लीत, अंगठीएवढं लहान. आता तिथे मिक्सर आणि पंखे दुरुस्त होतात, पण मागच्या फळीवर अजून टायपरायटरची अक्षरं डब्यांत भरून ठेवलेली आहेत. त्यांनी माझ्या जिन्यात यंत्र टेकवलं, घाम पुसला आणि विचारलं, "मॅडम, इसका करोगे क्या अब?"

मी म्हटलं, "चित्रं काढीन."

हे मी उगाच बोलले नव्हते. इन्स्टिट्यूटच्या भिंतीवर अक्षरांचा एक गणपती होता, माझ्याच हातचा. तसे गणपती गावोगावच्या टायपिंगच्या वर्गांत असत. पण मला देव करायचे नव्हते. मला इमारती करायच्या होत्या, आणि त्याही फोटोवरून नाही, तिथे समोर बसून. कारण मराठी टायपरायटरवर एकतीस वर्षं बोटं ठेवल्यावर माणसाला एक गोष्ट कळते. त्याच्या कळांमध्ये एक अख्खा गवंडीवाडा बसलेला आहे. या यंत्रावर 'प' सरळ उमटत नाही. आधी अर्धा प मारायचा, मग त्याला काना द्यायचा, तेव्हा तो पुरा होतो. ख, ग, म, स, सगळ्यांचं तेच. म्हणजे काना हा खांब, तो दिल्याशिवाय काही उभं राहत नाही. शिरोरेषा ही तुळई. वेलांटी ही कमान, रफार हा छोटा घुमट. मात्रा, रफार, अनुस्वार यांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज पुढे सरकत नाही, जागेवरच ठसा पडतो. त्यामुळे एकाच जागी चार ठसे मारून दगड हवा तितका काळा करता येतो. 'म'वर 'भ' मारला की पावसाने काळवंडलेला दगड होतो. नुसता अनुस्वार मारला की चुन्याची भिंत. रोलरची अडक सोडून तो केसभर फिरवला की काना काना करत कमान वळते. खोडरबर नाही. चुकलं की चुकलं.

त्या हंगामात मी पहिल्यांदा यंत्र रस्त्यावर आणलं. जुन्या शहरातली वेस निवडली, कारण ती घरापासून जवळ, आणि कारण मी रोज तिच्याखालून गेले होते आणि एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. अमरावतीच्या एका महाविद्यालयात फेब्रुवारीत हस्तकलेचं प्रदर्शन होतं, तिथे एक चित्र देण्याचं मी कबूल केलं होतं. शब्बीरभाईंनी लुनाच्या पायदानावर यंत्र उभं करून आणलं, समोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर मांडलं, आणि मी पहिला कागद चढवला.

पाच मिनिटांत माझ्यासमोर रांग लागली.

खरंच रांग. एक बाई, दोन म्हातारे, एक रिक्षावाला. पहिल्या म्हाताऱ्याने खिशातून रेशनकार्ड काढून ओट्यावर ठेवलं. "उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज कराचा हाय, बाई."

"मी अर्ज नाही लिहीत, बाबा. चित्र काढतेय."

त्याने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मागच्याला सांगितलं, "चित्र काढून राहिली म्हनते. चाल, कचेरीपाशी जाऊ." आणि रांग हसत पांगली. मलाही हसू आलं. एकतीस वर्षं मी ज्यांना शिकवलं त्यांनी याच यंत्रावर या गावाचे दाखले, अर्ज, प्रतिज्ञापत्रं केली. लोकांचं काय चुकलं?

वेशीच्या उजव्या पायाशी गिरजाबाई बसत. साठीच्या पलीकडच्या, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. जुन्या शहराबाहेर त्यांचा फुलांचा मळा होता, आणि पहाटे तोडलेला झेंडू आणि शेवंती टोपल्यात घेऊन त्या तिथे येऊन बसायच्या. डोक्यावर निळी ताडपत्री, तिची एक दोरी विजेच्या खांबाला आणि दुसरी वेशीच्या आत कुठेतरी. समोर टोपलं, बाजूला ओल्या गोणपाटाखाली हार. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "हे दिवसभर टकटक कावून करून राहिली, बाई?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." तिसऱ्या दिवसापासून त्या गिऱ्हाइकांना माझ्या वतीने उत्तरं देऊ लागल्या. "अर्ज नाई करत ते. वेस छापून राहिली."

वेस छापायला मला सात सकाळी लागल्या. वरचे बुरूज, त्यातल्या बंदुकीसाठीच्या जंग्या, कमानीवरची पडकी नक्षी. एका बाजूला पिंपळाचं रोप दगड फोडून निघालं होतं, तेही मी घेतलं. जाहिरातींचे फलक घेतले नाहीत. विजेच्या तारा घेतल्या नाहीत. निळी ताडपत्री घेतली नाही. मला वेस हवी होती, शुद्ध. ज्यांनी बांधली त्यांना ती दिसली असेल तशी. सातव्या सकाळी शेवटची ओळ मारली, कागद काढला, उन्हात धरला. मी खूश होते. खोटं कशाला सांगू, भारीच खूश होते.

गिरजाबाई हात पदराला पुसत आल्या. त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला आणि फार वेळ पाहिला. वाचता येत नव्हतं त्यांना, पण हे वाचायचं नव्हतंच.

"वरून बराबर हाय," त्या म्हणाल्या. मग त्यांचं बोट खाली आलं, उजव्या पायाशी. "अठी मी कुठी हाव?"

"तुम्ही नाही त्यात, गिरजाबाई. ही फक्त वेस आहे."

"मंग हे गोटे कोनाचे?"

मला कळलं नाही.

"अठी मी बसतो. माह्या मांगचे गोटे तुमाले दिसले कवा? मी तं हललीच नाई."

ती बाई खरं बोलत होती. तिच्या पाठीमागचे दगड मी पाहिलेच नव्हते. वरचे दगड जसे, तसेच खाली असतील असं धरून मी ते मनाने भरले होते. म, भ, म, भ, ओळीने. सात दिवस मी लोकांना सांगत होते की समोर बसून काढते, फोटोवरून नाही, आणि ज्या जागेकडे सर्वांत जास्त वेळ पाहत होते तिथेच थाप मारली होती.

गिरजाबाईंनी टोपलं सरकवलं, गोणपाट उचलला आणि बाजूला झाल्या. "या. पाहा."

मी वाकून पाहिलं. खालचे दोन थर वरच्यांसारखे नव्हतेच. मोठे, लांबट, काळे चिरे. एकाच्या कोपऱ्यात खोल खाच होती, आणि खाचेची आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत. तिथे ताडपत्रीची दोरी बांधलेली होती.

"माही सासू बांधे अठीच. तिची सासूबी," त्या म्हणाल्या. "गोटा खालला दोरीनं."

मी तो कागद घरी नेला आणि कपाटावर टाकला. दोन दिवस यंत्राला हात लावला नाही. राग आला होता, आणि तो त्यांच्यावर आला असता तर सोपं होतं. वर्गात मी पोरापोरींना एकच गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली. कळांकडे बघू नका, मजकुराकडे बघा, बोटं आपोआप जातील. आणि माझी बोटं आपोआप गेली होती, बघितल्याशिवायच.

तिसऱ्या दिवशी शब्बीरभाई दारात आले. "मॅडम, वेशीपाशी चुना मारून राहिले. गिरजाबाई तुम्हाला बोलावते."

वेशीच्या चारी बाजूंनी जमिनीवर पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. कचेरीतून माणसं येऊन गेली होती. वेशीची डागडुजी होणार, भोवती लोखंडी कठडा लागणार, आणि कठड्याच्या आत कोणी बसणार नाही. गिरजाबाई, पलीकडचा लिंबूमिरचीवाला, बांगड्या विकणाऱ्या दोघी, सगळे रेघेच्या आत होते. वेशीची डागडुजी व्हावी असं मला मनापासून वाटत होतं. ते पिंपळाचं रोप आणखी दोन पावसाळ्यांत बुरूज पाडणार होतं. पण गिरजाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता तं अर्ज लिहान ना?"

मी ओट्यावर यंत्र मांडलं. त्या सांगू लागल्या आणि मी लिहू लागले. 'उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की अर्जदार ही सदर ठिकाणी गेली अनेक वर्षे फुलविक्रीचा व्यवसाय करीत असून...' एवढं झाल्यावर त्या म्हणाल्या, "वाचून दाखवा." मी वाचलं.

"हे कोन बोलून राहिलं?"

"तुम्हीच. अर्जाची भाषा अशीच असते."

"मी असं बोलतो काय? साहेबाले वाटन, कोन्या दुसऱ्या बाईचा अर्ज हाय."

मी कागद काढला, नवा चढवला. आणि ज्या यंत्राने उभ्या जन्मात सरकारी मराठीशिवाय काही उमटवलं नव्हतं, त्यावर वऱ्हाडी उमटली. 'मी गिरजाबाई. वेशीत उजव्या हाताले बसतो. माह्या सासूची सासू अठीच बसे. वेस नीट करा, मले आनंदच हाय. पन मले तिच्यापासून दूर बसवू नोका.' खाली त्यांचा अंगठा, आणि बाकीच्या तिघांच्या सह्या. मग त्यांनी विचारलं, "आन् याच्या संगं ते चित्र लावा ना."

"ते खोटं आहे, गिरजाबाई. तुम्हीच सांगितलं."

"मंग खरं काढा."

कचेरीतले साहेब पाहणीला येणार होते आठवड्याभराने. पहिल्या चित्राला सात सकाळी लागल्या होत्या, या वेळी मी दुपारीही बसले. ऊन डोक्यावर आलं तरी उठले नाही. या खेपेला फलक घेतले, तारा घेतल्या, ताडपत्री घेतली. गिरजाबाईंना म्हटलं, नेहमीसारख्या बसा. त्या नेहमीसारख्या बसल्या. एक गुडघा उभा, एक मुडपलेला, उभ्या गुडघ्यावर कोपर, दुसरा हात टोपल्याच्या काठावर. हे सगळं मला चौदा अक्षरांच्या रुंदीत बसवायचं होतं. पदराला उकार लागले, टोपल्याला ठ. चेहऱ्याला जेमतेम तीन अक्षरांची जागा आली. आणि झेंडूसाठी मी रिबनची कळ लालवर केली. दुरंगी रिबन होती ती, खालचा अर्धा भाग लाल. अख्ख्या चित्रात तेवढाच लाल रंग, टोपलंभर अनुस्वार.

पाचव्या दिवशी काना तुटला. टक् करून काही तरी रोलरवरून उडालं आणि नालीच्या कडेला पडलं. काना नाही म्हणजे खांब नाही, कमान नाही, काहीच नाही. मी हातात तो तांदळाएवढा तुकडा घेऊन शब्बीरभाईंच्या दुकानात गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काना ही पहले जाता है, मॅडम. सब उसी को मारते," ते म्हणाले. डबा उघडून त्यांनी सुटी अक्षरं पसरली, एक काना शोधला, तो किंचित लहान निघाला, दुसरा शोधला. मग डाग देण्याची कांडी तापवली. त्यांचा हात आता थोडा थरथरतो. मी पाहत होते आणि पाहत नसल्यासारखं करत होते. तीनदा डाग निसटला. चौथ्यांदा त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने धरलं, श्वास रोखला आणि अक्षर जागेवर बसवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मारून पाहा." मी मारला. काना सरळ उभा राहिला, केसभर डावीकडे. त्या चित्रात कमानीच्या अर्ध्यापासून खालचे सगळे खांब केसभर डावीकडे आहेत. ज्याला माहीत आहे त्यालाच दिसतं.

साहेब आले तेव्हा चित्राची शाई नुकती वाळली होती. तरुण होते, हातात मोजपट्टी, बुटांवर चुन्याची पांढरी धूळ. त्यांनी आधी अर्ज वाचला, मध्येच एकदा हसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. चित्र हातात घेतलं. "हे कम्प्युटरवर केलं का?"

"नाही. याच्यावर. इथेच बसून."

ते वाकून चित्र आणि वेस यांची तुलना करू लागले. वरून खाली, थर मोजत. उजव्या पायाशी आल्यावर थांबले. "आणि हा चिरा असाच आहे? वरच्या थरासारखा नाही?"

मी काही म्हणायच्या आत गिरजाबाईंनी टोपलं सरकवलं. साहेब उकिडवे बसले. त्यांनी खाचेत बोट घातलं, गुळगुळीत कडेवरून फिरवलं. बराच वेळ.

चित्रामुळे सगळं झालं असं मी म्हणणार नाही. सह्या होत्या, बांगड्यावाल्यांच्या घरचे लोक दोनदा कचेरीत जाऊन आले होते, आणि साहेब भले होते. पण उजव्या बाजूची रेघ दोन हात आत आली. कठडा वेशीला जवळ, बसणारे कठड्याला पाठ लावून बाहेर. मात्र एक अट घातली, दगडाला काही बांधायचं नाही. दोरीही नाही. गिरजाबाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताडपत्री सोडली, दोरी गुंडाळून टोपल्याखाली ठेवली आणि एक काळी छत्री उघडून बसल्या.

इकडे बाळापुरात आता ऊन सरळ झालंय. तिसरा खांब थोडा राहिला आहे. इथेही मी आल्या आल्या आधी खाली पाहिलं, पायाशी, मग वर. एक शेळ्यांवाली बाई रोज पायरीवर बसते, तिची मी परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "शेळ्याबी घ्या." आता शेळ्या थांबत नाहीत ही माझी अडचण. पण शेळ्या येतील. अचलपूरचा हौज कटोरा, पाण्यातली ती जुनी इमारत, करताना चित्रात पाणकावळे आले, अमरावतीच्या परकोटातला छोटा दरवाजा, माताखिडकी, करताना एक मोटरसायकल आली, दोन्ही चांगली आली आहेत. मला माझं काम येतं असं मी आता मोठ्याने म्हणू शकते, कारण ते केव्हा येत नव्हतं हेही मला माहीत आहे.

त्या फेब्रुवारीत अमरावतीच्या प्रदर्शनात वेशीचं चित्र दाराजवळच लावलं होतं. शब्बीरभाई नवा शर्ट घालून आले होते आणि प्रत्येकाला केसभर डावीकडचे खांब दाखवत होते. दुपारी गिरजाबाई आल्या, सुनेला घेऊन, एसटीने, अंगावर इस्त्रीचं लुगडं. त्यांनी माझ्या केसांत गजरा माळला आणि चित्रापुढे जाऊन उभ्या राहिल्या. लोक येत होते, मागे थांबत होते, पुढे जात होते. त्या हलल्या नाहीत. मला परीक्षेच्या निकालाला वाटायची तशी धाकधूक वाटत होती.

शेवटी त्या वळल्या.

"तोंड काई जमलं नाई माहं," त्या म्हणाल्या. "पन बसनं जमलं."